पडदा ओढण्याआधी

अगं,

उशीर झाला म्हणून रागावू नकोस. फोनवर आपण बोलतो खरं, पण तुझा सकाळचा चहा आणि माझा रात्रीचा स्वयंपाक एकाच वेळी, त्यामुळे निम्मं बोलणं कुकरच्या शिट्टीत जातं. शिवाय तुला मध्येच 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का' असं ओरडायची जुनी खोड. होस्टेलच्या त्या एकुलत्या एका फोनवरही तू असंच ओरडायचीस आणि खालच्या मजल्यावरच्या मुलींना तुझ्या घरच्या सगळ्या बातम्या तोंडपाठ असायच्या. म्हणून आज दुपारी ओपीडी आटोपल्यावर दार लोटून घेतलंय आणि निवांत लिहायला बसलेय.

घरचं सगळं ठीक. आईचा गुडघा नवा बसवल्यापासून ती जिन्यावरून अशी उतरते की बघणाऱ्याला धडकी भरावी. धाकट्याची दहावी आहे, म्हणजे आमचीच आहे. सोलापूरचं ऊन तुला माहीतच आहे.

तू मागे विचारलंस की सध्या इंटर्नना काय शिकवतेस. तुला सांगते, हल्ली मी जवळजवळ एकच गोष्ट शिकवते. टेबलाभोवतीचा पडदा ओढण्याआधी काय करायचं, ती. पडद्यामागचं तंत्र पोरं पटकन शिकतात, हात तरुण असतात, पुस्तकं पाठ असतात. अडतात ती त्याच्या आधी. परवा एक इंटर्न आला. हुशार पोरगा, हृदयाच्या झडपांवर अर्धा तास बोलेल. बाईच्या केसपेपरवर त्याने लिहिलं होतं, 'पोटात दुखते, अंगावरून जाते', आणि खाली सोनोग्राफी. मी विचारलं, तपासलंस? कान लाल. म्हणाला, "मॅडम, त्या लाजत होत्या." मी बाईंकडे गेले. पन्नाशीच्या असतील. म्हटलं, मावशी, आतून तपासावं लागेल, चालेल का? तर त्या म्हणाल्या, "मग काय, त्यासाठीच आले न्हवं का! मघाचं ते पोरगंच लाजत होतं."

मला हसू आलं आणि लगेच जिवाला लागलंही. कारण हे मी वर्षानुवर्षं बघतेय. बायका लाजतात म्हणून तपासणी होत नाही असं आपण म्हणतो, आणि ती लाज बहुतेक वेळा आपली असते. लाज नाही तर घाई. पेशंटला एकांत दिला, नीट विचारलं, काय करणार ते आधी सांगितलं, की ती तयार होते. अगदी सगळ्याच होतात असं नाही, पण आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी अधिक.

तुला गडचिरोलीचं आठवत असेल. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं होतं. दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावातल्या सगळ्या, दुखणं असो वा नसो. जानेवारी १९८९च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना जननमार्गाचा किंवा गर्भाशयाचा काही ना काही आजार निघाला, सरासरी एकीला तीनाहून अधिक. आणि त्याआधी आयुष्यात कधीतरी अशी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. मी हा आकडा दर बॅचला सांगते. पोरं ९२वर थबकतात, मी त्यांना ८पाशी आणते. म्हणजे इतक्या बायका दुखणं अंगावर काढत होत्या आणि कुणी बघितलंच नव्हतं. आणि बघायला कुणीतरी नीट बसलं, तेव्हा त्याच बायका तपासून घ्यायला आल्या!

तर पडद्याआधीचं माझं चालतं ते असं. बरोबरच्या सासू-नणंदेला, नवऱ्याला आदराने बाहेर बसवायचं. "आम्ही जरा बोलतो, तुम्ही चहा घ्या" असं म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही. मग खुर्ची तिच्याजवळ ओढायची आणि आडून सुरुवात करायची, पाळी कशी येते, कपडा की पॅड, लघवी करताना जळजळ होते का. हळूहळू आत शिरायचं. अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, खाज? संबंधाच्या वेळी दुखतं का, नंतर रक्त जातं का? हा शेवटचा प्रश्न बरेच डॉक्टर गिळतात. आणि संबंधानंतर रक्त जाणं किंवा पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसणं, या दोन गोष्टींसाठी तर बाईला हाताला धरून तपासायला न्यायला हवं.

कधी कधी खरं दुखणं अगदी शेवटी येतं. मागच्या महिन्यात एक आजी गुडघ्याची गोळी घेऊन निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. म्हणाल्या, "बाई, खाली काहीतरी लोंबतंय." किती वर्षं? धाकट्या लेकीच्या वेळेपासून. ती लेक आता स्वतः आजी झालीय. गर्भाशय पूर्ण बाहेर आलेलं, घासून जखम झालेली. इतकी वर्षं त्या ते आत सारून शेतात खुरपत होत्या, ज्वारी काढत होत्या, जात्रेत पालखीमागे चालत होत्या. मी तपासायला बसले तर त्यांनी माझ्याच डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुला घाण वाटंना का गं?" आता सांग, काय बोलणार मी? सिस्टरने डोळ्यांना पदर लावला. मी जखमेकडे बघत राहिले. ऑपरेशन झालं, आजी आता ऐटीत चालतात आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांना माझ्याकडे पाठवतात.

टेबलावरची रीत तुला माहीत आहे, पण पोरांना मी ती पहिल्या दिवशी म्हणून दाखवायला लावते. लघवी करून यायला सांगायचं. अंगावर चादर, जेवढं बघायचं तेवढंच उघडं. खोलीत दुसरी बाई हवीच, तपासणारी बाई असली तरी. स्पेक्युलम कोमट पाण्याखाली धरायचं, आधी मांडीला टेकवून दाखवायचं, म्हणजे अंग आवळलं जात नाही. प्रत्येक पाऊल आधी बोलायचं, 'आता हात लावते', 'आता थोडं दडपण येईल'. आणि ती 'थांबा' म्हणाली की थांबायचं. तिथल्या तिथे. 'झालंच, झालंच' म्हणत पुढे रेटायचं नाही. मुलगी अविवाहित असेल तर आतून तपासणी खरंच लागणार आहे का, हा विचार दोनदा करायचा. बहुतेकदा पोटावरून आणि सोनोग्राफीने भागतं.

हे शिकवताना मला दर वेळी तो राउंड आठवतो. तुला आठवतो ना? वॉर्डातली ती लंगडा पाय असलेली मुलगी, भोवती आपण दहा-बाराजण, आणि सर तिला एक शब्दही न विचारता आपल्याला ओळीने 'हात घालून बघा' म्हणत होते. तिसऱ्या नंबरला तू होतीस. तू पुढे झालीस, हातात ग्लोव्ह नाही, चादर उचललीस आणि तिच्या अंगावर टाकलीस. "सर, तिला विचारलेलं नाही." वॉर्ड चिडीचूप. तुला पुढचे पंधरा दिवस राउंडला मागे उभं केलं आणि तू खोलीवर येऊन रडलीस, तेही भेळ खात खात! तुला वाटायचं तू आगाऊपणा केलास. अगं, मी आजवर जे काही शिकवते त्यातला चांगला भाग तिथून आलाय. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

तुझ्या त्या न्यूयॉर्कशीही याचा धागा आहे. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि १०३व्या रस्त्याच्या कोपऱ्याला, सेंट्रल पार्कच्या भिंतीशी मॅरियन सिम्सचा पुतळा होता. आपण रोज ज्याच्या नावाचं स्पेक्युलम मागतो तो. १८४०च्या दशकात अलाबामात त्याने गुलाम स्त्रियांवर फिस्टुलाची ऑपरेशनं केली, पुन्हा पुन्हा, भूल न देता. त्यांतल्या तिघींची नावं उरली आहेत, अनार्का, बेट्सी आणि लूसी. 'नको' म्हणायचा हक्क त्यांना नव्हताच. एप्रिल २०१८मध्ये तो पुतळा तिथून हलवला. तू पार्कात धावायला जातेस (धावतेस की बाकावर बसून कॉफी पितेस ते देव जाणे), तेव्हा एकदा त्या कोपऱ्याशी थांब. मी इंटर्नना सिम्सचं स्पेक्युलम हातात देते तेव्हा त्या तिघींची नावंही सांगते. अवजार चांगलं आहे, ते वापरायचंच. पण ते कुणाच्या अंगावर घडलं हे हात लावणाऱ्याला ठाऊक असावं.

हो, आणि 'टू फिंगर टेस्ट'! आपल्याला फोरेन्सिकमध्ये ती चक्क तपासणी म्हणून शिकवली होती, आठवतं? ३१ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अत्याचार झालेल्या बाईची अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, आणि ती अभ्यासक्रमातूनही काढा. तिला ना शास्त्राचा आधार, ना तिचा कशाशी संबंध. त्या दिवशी मी इंटर्नना बसवून सांगितलं की अत्याचाराची केस आली तर पहिलं काम उपचार. जखमा, गर्भ राहू नये म्हणून गोळी, संसर्गाची औषधं, तिच्याशी बोलणं. नमुने तिच्या संमतीने. ती नको म्हणाली तरी उपचार थांबत नाहीत.

आता जरा चांगलं सांगते. आमच्याकडे बुधवारी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी असते. पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड कापसाने लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि डोळ्यांनी बघायचं, पांढरा डाग उमटतो का. एवढंच. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या लोकांनी जेमतेम दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन हीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तर या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आणि आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत, आता धाराशिव, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांवर अभ्यास झाला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९मध्ये सगळ्या जगाने ते वाचलं. जगभरातल्या नियमावल्या आज ज्यावर उभ्या आहेत त्यात आपल्या जिल्ह्याकडच्या, नऊवारी नेसलेल्या, बाभळीखाली एसटीची वाट बघणाऱ्या बायका आहेत! मला याचा फार अभिमान वाटतो. आणि राग येतो तो याचा, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधी ना कधी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. स्तनांची तर एक टक्काही नाही.

स्तनांच्या तपासणीवरून एक गंमत. शाळेत शिबिर होतं, चौथीच्या वर्गात. भिंतीवर पाढे, फळ्यावर सुविचार, खिडकीला साड्या बांधून आडोसा केलेला. मी आशाताईंना दाखवत होते. आधी नुसतं बघायचं, हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून. आकार बदललाय का, कातडी कुठे ओढली गेलीय का, बोंड आत वळलंय का. मग तीन बोटांच्या पेरांनी हलकं, मध्यम आणि खोल असं दाबत पट्ट्यापट्ट्याने जायचं, काखेपर्यंत, गळपट्टीच्या हाडाच्या वरपर्यंत. एका ताईंना ते काही केल्या जमेना, त्या नुसत्या थोपटत होत्या. तेवढ्यात टेबलावर पडलेल्या काकूच म्हणाल्या, "अगं, पिठात खडा शोधल्यागत बघ की!" त्या क्षणापासून सगळ्या ताईंचे हात सुधारले. मी तेच वाक्य आता इंटर्नना सांगते आणि ते वहीत लिहून घेतात.

या तपासणीचाही मुंबईत वीस वर्षं अभ्यास झालाय. दीड लाखावर बायका, दर दोन वर्षांनी प्रशिक्षित कार्यकर्तीच्या हातची तपासणी. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तरुण बायकांत तसा फायदा दिसला नाही, हेही मी सांगते, उगाच आशा लावत नाही. पण आपल्याकडे खेड्यात मॅमोग्राफीचं यंत्र नाही आणि हात आहेत. दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढणाऱ्या किती बायका मी बघते! न दुखणाऱ्या गाठीचीच जास्त काळजी करायची, हे प्रत्येक भजनी मंडळात जाऊन सांगावंसं वाटतं. सांगतेही. तू हसशील, पण एकादशीच्या भजनानंतर मला दहा मिनिटं मिळतात, आणि पेटीवाले काका तेवढ्यापुरते बाहेर जाऊन तंबाखू मळतात.

पुरुषांचं तुला काय सांगू. तिथे तर सगळा अंधार. शौचाला रक्त पडलं की 'मूळव्याध', मग बोर्डावरचा नंबर, पुड्या, लेप. दीड वर्ष पुड्या खाल्लेला एक शेतकरी आला, वजन उतरलेलं, चेहरा पांढराफटक. कुणीही, एकानेही, बोट घालून बघितलं नव्हतं. डाव्या कुशीवर वळवायचं, गुडघे पोटाशी, बोटाला जेली लावून आधी नुसतं टेकवायचं, स्नायू सैल होईपर्यंत थांबायचं आणि मग आत. दोन मिनिटांचं काम. बोटाला कडक, खरबरीत गाठ लागली आणि ग्लोव्हवर रक्त. मी त्याला त्याच दिवशी पुढे पाठवलं, आता उपचार चालू आहेत. पण ते दीड वर्ष मला झोपू देत नाही. पुड्या देणाऱ्याचं सोड, मध्ये दोन डिग्रीवाल्यांनीही बघितलं नव्हतं.

आणि मुलगे! वडिलांनी चौदा वर्षांच्या पोराला पोटदुखी म्हणून आणलं. पोरगा घामाघूम, दोनदा उलटी, दुखतंय कुठे विचारलं की बेंबीकडे बोट. माझ्या एका अबोल इंटर्न मुलीने वडिलांना बाहेर पाठवलं, वॉर्डबॉयला आत बोलावलं आणि सरळ विचारलं, "बाळा, खाली दुखतंय का? सांग, रागावणार नाही कुणी." पोरगा रडायलाच लागला. अंडकोषाला पीळ पडलेला. सहा तासांच्या आत सोडवला तर तो बहुतेक वेळा वाचतो, नंतर आशा झपाट्याने कमी होते. रुग्णवाहिका काढली, सर्जनला फोन, वेळेत पोचला, वाचला. तुला सांगते, त्या मुलीला मी सगळ्यांसमोर मिठी मारली. पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक पोराची चड्डी उतरवून बघायची, हे वाक्य आता आमच्या ओपीडीच्या भिंतीवर लिहिण्याएवढं झालंय, फक्त भिंतीवर लिहिता येत नाही.

एक हसण्याजोगंही झालं. एका आजोबांना अंडवृद्धी होती. आत पाणी आहे की आतडं उतरलंय ते बघायला मागून बॅटरी धरतात ना. वीज गेलेली, बॅटरीचे सेल संपलेले, मग इंटर्नने मोबाइलचा उजेड लावला. सगळं लालभडक उजळलं, म्हणजे पाणीच. आजोबांनी मान वाकवून बघितलं आणि आनंदाने म्हणाले, "गणपतीत असली लाइट पाहिजे!"

हे सगळं तुला का लिहिते? कारण दुसऱ्या टोकाचं बघून पोटात तुटतं. बीड जिल्ह्यातलं तू वाचलं असशील. २०१९मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत कोयता थांबला की मजुरी कापली जाते, फडात ना पाणी ना आडोसा, आणि अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की 'कॅन्सर होईल, पिशवी काढा'. अशी एक माझ्याकडे आली होती, तिशीची, काढून झाल्यावर. मी विचारलं, आधी कुणी आतून तपासलं होतं? म्हणाली, "नाही बाई, टीव्हीवर बघितलं." म्हणजे सोनोग्राफी. तिचं जे दुखणं होतं ते स्पेक्युलम लावून, पाच मिनिटं बघून, काही गोळ्यांत बरं होणारं असू शकलं असतं. आता हाडं दुखतात, घाम फुटतो, झोप नाही, आणि पुढच्या हंगामात पुन्हा कोयता.

असो. खाली सिस्टर हाका मारतेय, कुणीतरी बाळंतिणीला घेऊन आलंय. पण बाईसाहेब, तुमचं काय? सगळ्या जगाचे रिपोर्ट वाचतेस, स्वतःची मॅमोग्राफी कधी केलीस? चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी हे तुमच्याच तिकडच्या नियमात लिहिलंय, आणि पंचेचाळिशीनंतर मोठ्या आतड्याची तपासणीही. सत्तेचाळीस पूर्ण झालीत आपली, वय लपवू नकोस, माझ्याकडे तुझी दहावीची मार्कलिस्ट आहे. पॅप आणि एचपीव्हीची तारीखही निघून गेली असणार, तुला मी ओळखते, 'बघू गं, बघू गं'. या आठवड्यात तिन्हींच्या वेळा घे आणि रविवारी मला फोन कर. आणि तपासणारीने आधी विचारलं नाही, सांगितलं नाही, तर चादर ओढून घे. तुला ते जमतं.

तुझी
मी